बीमला आकार दिला म्हणून हवा त्याला सोडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात दोन इमारतींच्या गच्च्यांमध्ये साधारण १ किलोमीटरचा लेझर दुवा उभारायचा आहे, तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. बेसेल, एअरी आणि भोवऱ्याचे बीम हवेच्या खळबळीतून ‘स्वतःला दुरुस्त करत’ जातात असं वाचनात आलं आहे. हाताशी एक स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, म्हणजे बीमला हवा तो आकार देणारा एसएलएम आहे. तर नेहमीचा गाउशियन (मध्यभागी तेजस्वी आणि कडेला हळूहळू मंद होणारा बीम) सोडून कोणता आकार घ्यावा, सिम्युलेशन कसं करावं, आणि आधी तापवलेल्या पाण्याच्या टाकीत चाचणी घेतली तर चालेल का?

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. दुव्यासाठी साधा गाउशियनच घ्या. खर्च करायचाच असेल तर घेणाऱ्या बाजूच्या दुर्बिणीचा व्यास वाढवण्यावर आणि एका चपळ टिप-टिल्ट, म्हणजे दोन दिशांना कलणाऱ्या, आरशावर करा. एसएलएम प्रयोगशाळेत राहू दे, तिथे त्याला भरपूर काम आहे. आकार दिलेल्या बीमचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण तो आकार हवेत टिकतो म्हणून होत नाही. पलीकडच्या टोकाला तुम्ही नेमकं काय मोजता, त्यावर सगळं ठरतं.

आता हवेबद्दल. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा जेमतेम दहा हजारात पावणेतीन भाग जास्त असतो आणि तापमान एका अंशाने वाढलं की तो साधारण दशलक्षात एका भागाने उतरतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण १ किलोमीटरचा दशलक्षावा भाग म्हणजे १ मिलिमीटर, आणि १५५० नॅनोमीटरच्या हिशेबात त्यात ६०० हून जास्त लाटा बसतात. पूर्ण वाट सारखीच तापली तर काही बिघडत नाही. सगळी लाट मिळून पुढे-मागे होते. बिघडतं ते बीमच्या उजव्या कडेची वाट डावीपेक्षा किंचित वेगळी तापली की. आणि दुपारी सिमेंटच्या गच्चीवर दोन-तीन सेंटिमीटरवरही तापमान सारखं राहतच नाही. डांबरी रस्त्यावर उन्हात पलीकडची गाडी थरथरताना दिसते, ते हेच.

या गोंधळालाही शिस्त आहे. १९४१ मध्ये कोल्मोगोरोव्हने मांडलेल्या चित्रानुसार मोठे भोवरे फुटून लहान होतात, ते आणखी लहान होतात आणि शेवटी काही मिलिमीटरच्या पातळीवर घर्षणात विरून जातात. वरची मर्यादा जमिनीजवळ काही मीटरची असते, ढोबळमानाने जमिनीपासूनच्या उंचीएवढ्या क्रमाची. या दोन मर्यादांच्या मधे कोणत्याही दोन बिंदूंच्या अपवर्तनांकातल्या फरकाच्या वर्गाची सरासरी अंतराच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. त्यापुढचा गुणक म्हणजे सी-एन-वर्ग; खळबळीची तीव्रता सांगायला हा एक आकडा पुरतो. शांत वेळी तो १० चा उणे १४ वा घात किंवा त्याहून कमी, आणि तापलेल्या जमिनीजवळ भर दुपारी उणे १३ व्या घातापर्यंत जातो. दिवसात दोनदा, सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताआधी, जमीन आणि हवा यांचं तापमान जुळतं तेव्हा तो पार खाली येतो. ज्यांचे निकाल फार छान आलेत त्यांना प्रयोगाची वेळ जरूर विचारा.

भोवऱ्याच्या आकारमानावर त्रास ठरतो. बीमपेक्षा मोठा भोवरा अख्खा बीम वळवतो, म्हणून ठिपका भटकतो. बीमएवढे किंवा लहान भोवरे तरंगाग्र, म्हणजे लाटेचा पुढचा पृष्ठभाग, चुरगळतात, म्हणून ठिपका फुगतो. आणि तरंगलांबी गुणिले अंतर याच्या वर्गमुळाएवढे भोवरे, तुमच्या बाबतीत जवळजवळ ४ सेंटिमीटरचे, भिंगासारखे वागून कुठे प्रकाश गोळा करतात तर कुठे काळोख पाडतात. ही लुकलुक. आकाशातला तारा लुकलुकतो तीच.

तुमच्या दुव्याचे आकडे मांडू. शांत वेळी (उणे १४) १ किलोमीटरवर रायटोव्ह प्रचरण, म्हणजे लुकलुकीच्या जोराचा आकडा, ०.२ येतं, म्हणजे लुकलुक सौम्य. दुपारी (उणे १३) ते २ वर जातं, आणि १ ओलांडलं की सौम्य खळबळीची सोपी सूत्रं लागू पडत नाहीत. दुसरा आकडा फ्रीडचा, १९६६ सालचा: तरंगाग्र किती रुंदीपर्यंत बऱ्यापैकी सपाट राहतं हे तो सांगतो. समतल लाटेसाठी शांत वेळी तो साधारण ८ सेंटिमीटर, दुपारी २ सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर त्रिज्येचा समांतर बीम सोडलात तर ठिपका सकाळी सरासरी ९ मिलिमीटर आणि दुपारी जवळजवळ ३ सेंटिमीटर भटकेल. हे भटकणं तरंगलांबीवर अवलंबून नसतं. फ्रीडची लांबी मात्र असते, तरंगलांबीच्या सहा-पंचमांश घाताने. म्हणून जुळवणीसाठी लाल ६३३ नॅनोमीटरचा लेझर लावला की पडद्यावर जे चिंध्या झालेलं दिसतं, त्यावरून घाबरून जाऊ नका; त्याची फ्रीड-लांबी १५५० च्या एक-तृतीयांशच असते.

एवढी तयारी झाल्यावर आकारांकडे वळू. बेसेल बीमपासून, कारण ‘स्वतःला दुरुस्त करतो’ हा लौकिक त्याचा.

१९८७ मध्ये डर्निनने दाखवलं की बेसेल फलनाच्या आकाराचा बीम पसरत नाही. आदर्श बेसेलला अनंत रुंदी लागते. खऱ्या बेसेलला भिंगाएवढी मिळते. समजा १० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून १ किलोमीटर टिकणारा बेसेल हवा आहे. मग त्याच्या शंकूचा कोन ५० मायक्रोरेडियन घ्यावा लागतो आणि मधला ठिपका, पहिल्या काळ्या कड्यापर्यंत, सुमारे २.४ सेंटिमीटरचा होतो. भिंगात कडी मावतात जेमतेम तीन. प्रत्येक कड्यात जवळजवळ सारखी शक्ती असते, त्यामुळे मधल्या ठिपक्याला एकूण शक्तीचा तिसरा-चौथा हिस्सा मिळतो. आता त्याच भिंगातून गाउशियन १ किलोमीटरवर केंद्रित करा: ठिपका सुमारे २ सेंटिमीटरचा, आणि जवळपास सगळी शक्ती त्यातच. बेसेलचा फायदा वाटेतल्या प्रत्येक अंतरावर बारीक ठिपका लागत असेल तर आहे. तुमचा घेणारा एकाच जागी बसला आहे.

आणि दुरुस्तीचं काय? बेसेल बीम म्हणजे शंकूच्या पृष्ठभागावरून आत येणाऱ्या लाटांची बेरीज. मध्ये एखादा अडथळा आला तर मागे सावली पडते, पण बाहेरच्या कड्यांतला प्रकाश पुढे जाऊन मधला ठिपका पुन्हा उभा करतो. हे खरं आहे, प्रयोगशाळेत पाच मिनिटांत दाखवता येतं. पण अडथळा आणि खळबळ या वेगळ्या गोष्टी आहेत. वाटेत खांब आला तर दिंडी दोन्ही बाजूंनी फुटून पुढे पुन्हा एक होते, कारण टाळ सगळ्यांचा एकाच ठेक्यावर असतो. प्रत्येकाचा ठेका थोडा थोडा चुकला तर खांब नसतानाही दिंडी विस्कटते. खळबळ ठेका, म्हणजे फेज, बिघडवते आणि तीही सगळ्या रुंदीवर. मधला ठिपका ज्या बाहेरच्या प्रकाशातून उभा राहायचा, त्याचीच फेज मोडलेली असते. म्हणून भिंगाचा व्यास फ्रीडच्या लांबीच्या खूप पुढे गेला की बेसेलही गाउशियनच्याच गतीने ढासळतो.

एअरी बीमवर फार वेळ घालवत नाही. २००७ मध्ये सिव्हिलोग्लू आणि ख्रिस्तोदुलिदेस यांच्या गटाने तो प्रत्यक्षात आणला. त्याचं तेजस्वी टोक वाकडं जातं हे बघायला सुंदर आहे. पण त्याचा गुरुत्वमध्य सरळच जातो, आणि बीम भटकतो तेव्हा भटकतो हा गुरुत्वमध्य. सूक्ष्मदर्शकाखाली आणि काच कापण्याच्या कामात त्याला जागा आहे. गच्चीवर नाही.

भोवऱ्याच्या बीमचं प्रकरण जास्त खोल आहे; इथला भोवरा हवेतला नव्हे, अक्षाभोवती मळसूत्रासारखी फिरणाऱ्या फेजचा. १९९२ मध्ये अ‍ॅलन, बाइजर्सबर्गन, स्प्रीउव आणि वुर्डमन यांनी दाखवलं की लागेर-गाउस बीममधल्या प्रत्येक फोटॉनकडे कक्षीय कोनीय संवेग, सगळे ज्याला ओएएम म्हणतात तो, पूर्णांकाच्या पटीत असतो. वेगवेगळे पूर्णांक म्हणजे वेगवेगळ्या वाहिन्या, ही कल्पना त्यातून आली, आणि २०१२ मध्ये विलनर यांच्या गटाने अशा बीमवरून सेकंदाला टेराबिटच्या वर माहिती नेऊन दाखवली. टेबलावर. टेबल आणि गच्ची यांच्यात जे आहे ते पॅटरसनने २००५ मध्येच गणिताने दाखवलं होतं: छिद्राचा (म्हणजे भिंगाच्या किंवा दुर्बिणीच्या तोंडाचा) व्यास भागिले फ्रीड-लांबी हे गुणोत्तर १ च्या आसपास आलं की एका पूर्णांकातली शक्ती शेजारच्या पूर्णांकांत सांडायला लागते. तुमच्या १० सेंटिमीटरसाठी हे गुणोत्तर शांत वेळी सव्वा आहे आणि दुपारी ५.

सांडण्याची पहिली वाट अगदी साधी आहे. ओएएम मोजायला अक्ष लागतो. बीम थोडा सरकला किंवा थोडा कलला की त्या अक्षाभोवती तो शुद्ध राहत नाही, शेजारचे दोन पूर्णांक लगेच दिसतात. नॉलने १९७६ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार छिद्रावरच्या फेजच्या एकूण बिघाडापैकी सुमारे ८७ टक्के निव्वळ कल असतो. म्हणूनच मी टिप-टिल्ट आरशाला एवढा भाव देतो: एक हलता आरसा आणि एक चौफाळी, म्हणजे चार भागांचा, फोटोडायोड एवढ्यावर बिघाडाचा सर्वांत मोठा हिस्सा निघतो, मग बीम कोणताही असो. उरलेल्या १३ टक्क्यांसाठी लवचीक आरसा, तरंगाग्र-संवेदक आणि संगणक लागतो, आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. जर्मनीत एर्लांगेनमध्ये १.६ किलोमीटरवर लेव्हरी आणि सहकाऱ्यांनी असे बीम पाठवून २०१७ मध्ये जे मोजलं, त्यातही शहरी हवेत फेजबरोबर तीव्रतेचाही बिघाड पुढे आला. शुद्ध फेज-दुरुस्तीने तो जात नाही.

दुसरी गोष्ट: जास्त पूर्णांकाचा भोवरा अखंड राहत नाही. पूर्णांक ५ चा एक भोवरा थोड्याशा खळबळीतच एकेकट्या पाच भोवऱ्यांत फुटतो. बेरीज ५ च राहते, पण सगळे भोवरे तुमच्या छिद्राच्या आत असतील तोवरच. लुकलुक जोरदार झाली की उलट-सुलट भोवऱ्यांच्या नव्या जोड्याही जन्मतात आणि त्यातला एखादा छिद्राबाहेर गेला की हिशेब चुकतो. ‘टोपोलॉजीने सुरक्षित’ हे विशेषण वाचलं की मी छिद्राचा व्यास शोधायला लागतो.

मग व्हिएन्नाचं काय, असं कोणी विचारेल. २०१४ मध्ये क्रेन, झाइलिंगर आणि सहकाऱ्यांनी शहरावरून ३ किलोमीटर भोवऱ्यांचे बीम पाठवून मोझार्ट, बोल्ट्झमान आणि श्रोडिंगर यांची चित्रं पोहोचवली. २०१६ मध्ये कॅनरी बेटांतल्या ला पाल्मापासून तेनेरिफपर्यंत १४३ किलोमीटर. हे प्रयोग माझ्या म्हणण्याच्या विरोधात नाहीत, उलट त्याचाच पुरावा आहेत. त्यांनी फेज मोजलीच नाही. उलट्या चिन्हांचे दोन ओएएम एकत्र केले की फुलाच्या पाकळ्यांसारखा तीव्रतेचा नमुना होतो. तो पडद्यावर पाडून कॅमेऱ्याने टिपला आणि न्यूरल नेटवर्कला ‘हा ठरलेल्या नमुन्यांपैकी कोणता?’ एवढंच विचारलं. पाकळ्या वेड्यावाकड्या झाल्या तरी ओळखता येतात. पण कॅमेऱ्याच्या गतीने चालणारा दुवा गिगाबिट देत नाही, आणि फोटॉनच्या क्वांटम अवस्थेसाठी पाकळ्यांचं छायाचित्र पुरत नाही.

आंशिक सुसंगत बीम हा एकमेव प्रकार आहे ज्यात आकाराने, किंवा खरं तर आकार सैल सोडल्याने, लुकलुक निश्चित कमी होते. कल्पना अशी: बीमच्या निरनिराळ्या भागांची फेज मुद्दाम यादृच्छिक ठेवायची, म्हणजे घेणाऱ्यापाशी अनेक स्वतंत्र नमुन्यांची सरासरी पडते आणि खड्डे भरून निघतात. किंमत दोन जागी मोजावी लागते. बीम जास्त पसरतो, आणि यादृच्छिक नमुने एका बिटच्या कालावधीत अनेकदा बदलायला हवेत. १० गिगाबिटला एक बिट ०.१ नॅनोसेकंदाचा. तुमचा एसएलएम सेकंदाला साठेक वेळा बदलतो. फिरती घासलेली काच थोडी जलद, पण तीही या शर्यतीत नाही. मग उपाय? एकमेकांशी सुसंगत नसलेले काही बीम वेगवेगळ्या जागांवरून सोडायचे. नासाने २०१३ मध्ये लॅडी यानाशी चंद्राभोवतीच्या कक्षेपर्यंत लेझर संवाद साधला तेव्हा व्हाइट सँड्सच्या तळावरून वर पाठवायला १५ सेंटिमीटरच्या चार दुर्बिणी होत्या, चौघींचा प्रकाश वेगवेगळ्या हवेतून जावा म्हणून. कागदावर हे फारसं देखणं दिसत नाही, पण चाललं.

सदिश बीम, म्हणजे ज्यांचं ध्रुवीकरण जागेनुसार बदलतं ते, यांच्याबद्दल बराच काळ परस्परविरोधी निकाल येत होते. कारण सोपं होतं. हवेची खळबळ ध्रुवीकरणाला हात लावत नाही, त्यामुळे दोन्ही ध्रुवीकरणांचे अवकाशीय नमुने एकसारखे चुरगळतात. नमुना मोजला तर सदिश बीम इतरांइतकाच बिघडलेला दिसतो. पण ध्रुवीकरण आणि नमुना एकमेकांत किती गुंतलेत हे मोजलं, तर तो आकडा बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात फोर्ब्स यांच्या गटाने २०२२ मध्ये हे नीट वेगळं करून दाखवलं. त्याच गटाने २०२३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: दिलेल्या खळबळीतून जसेच्या तसे बाहेर पडणारे नमुने शोधायचे, त्या हवेचे स्वतःचे आयगन-नमुने. तत्त्व म्हणून मला हे फार आवडतं. गच्चीवर अडचण वेळेची येते. फ्रीडची लांबी ५ सेंटिमीटर आणि आडवा वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर दर १० मिलिसेकंदांनी समोर नवी हवा असते. तेवढ्यात वाट मोजून, नमुना काढून, तो एसएलएमवर चढवायचा.

आता सिम्युलेशन. पद्धत ठरलेली आहे: वाटेचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या जागी एक यादृच्छिक फेज-पडदा, मधे मोकळ्या जागेतला प्रवास. तुमच्यासाठी १० ते २० पडदे, अर्ध्या मीटरची चौकट, मिलिमीटरच्या आसपासची जाळी पुरेल. प्रत्येक तुकड्याचं रायटोव्ह प्रचरण ०.१ च्या खाली ठेवा. सगळ्यांत जास्त दगा जलद फूरिए रूपांतराने (एफएफटी) बनवलेले पडदे देतात. चौकटीपेक्षा मोठे भोवरे त्यात नसतातच, म्हणजे कल नाही, म्हणजे भटकणं नाही, म्हणजे ज्या बिघाडाचा वाटा सर्वांत मोठा तोच गायब. सबहार्मोनिक, म्हणजे चौकटीपेक्षा लांब लाटा, जोडून हे भरून काढावं लागतं. कोणताही बीम सोडण्याआधी पडद्यांचं संरचना-फलन (ठरावीक अंतरावरच्या दोन बिंदूंच्या फेजमधल्या फरकाच्या वर्गाची सरासरी) काढून ते ‘अंतर भागिले फ्रीड-लांबी’ याच्या पाच-तृतीयांश घाताच्या ६.८८ पट येतं का पाहा. येत नसेल तर पुढचं सगळं वाया. लुकलुकीसाठी शेकडो यादृच्छिक वाटा चालवा; वीस-पंचवीसवर काढलेल्या आलेखात मला रस नसतो.

आणि तुलना न्याय्य ठेवा. ‘गाउशियनपेक्षा टिकाऊ’ असा दावा जिथे जिथे दिसतो, तिथे अनेकदा गाउशियन लहान घेतलेला असतो, किंवा त्याला केंद्रित केलेलं नसतं, किंवा एकाच पडद्यामागे लगेच मोजमाप केलेलं असतं. तिथे फेज बिघडलेली असते पण लुकलुक व्हायला अंतरच मिळालेलं नसतं. निर्गम छिद्र तेच, शक्ती तीच, घेणारी दुर्बीण तीच, गाउशियन त्या अंतरासाठी केंद्रित. मग जो फरक उरेल तो आकाराचा. बहुतेक वेळा फार उरत नाही.

जागेबद्दल एवढंच: बीम गच्चीच्या लादीवरून घासत नेऊ नका, पत्र्याच्या शेडवरून तर नाहीच. खांब दोन-तीन मीटर उंच केलात तर जो फरक पडेल तो कोणत्याही एसएलएमने पडणार नाही. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याच कारणाने. पाणी दिवसा जमिनीसारखं तापत नाही. काँगो नदीपलीकडे ब्राझाव्हिल ते किन्शासा हा ४.८ किलोमीटरचा दुवा गुगलची पालक कंपनी अल्फाबेटच्या तारा प्रकल्पाने २०२१ मध्ये जाहीर केला, तोही सतत नेम धरणाऱ्या आरशांवर चालतो. २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट गेले. पावसाळ्यातलं धुकं आणि सरी हा वेगळा विषय. तो खळबळीचा नसून प्रकाश शोषला आणि विखुरला जाण्याचा आहे, तिथे आकाराचा प्रश्नच येत नाही.

राहिली पाण्याची टाकी. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला दहा हजारात एका भागाने बदलतो, हवेच्या शंभरपट, त्यामुळे एक-दोन मीटरच्या टाकीत भरपूर खळबळ मिळते. पण १५५० नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात काही मिलिमीटरही धड जात नाही. टाकीसाठी हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेझर घ्यावा लागेल. एवढ्या कमी अंतरावर लुकलुकीला लागणारे भोवरे १ मिलिमीटरच्या आसपासचे, म्हणजे टाकीत तुम्हाला मुख्यतः फेजचा बिघाड दिसेल, लुकलुक कमी. शिवाय खालून हीटर लावला की कोल्मोगोरोव्हची खळबळ मिळत नाही, वर चढणारे गरम पाण्याचे लोट मिळतात. पंपाने ढवळत राहावं लागतं. टिप-टिल्टचा लूप तपासायला आणि ओएएमचं सांडणं डोळ्यांनी पाहायला टाकी उत्तम आहे. छिद्राचा व्यास भागिले फ्रीड-लांबी हे गुणोत्तर गच्चीएवढं जुळवून घ्या आणि त्याच आकड्यासमोर निकाल मांडा. मीटर आणि अंश सेल्सिअससमोर मांडलेला टाकीचा निकाल गच्चीला लावता येणार नाही.